उपडे ग्लास

१

साठ माणसांनी एकाच क्षणी तोंड वाकडे केले. ज्या हॉलमध्ये एकेकाळी हातोड्यांच्या घणघणाटात शेजाऱ्याची हाक ऐकू येत नसे, तिथे टाचणी पडली तरी दचकावे अशी शांतता पसरली.

वेळ दुपारी बाराची आणि जागा जुन्या मोटार कारखान्याचे रंगखाते. कारखाना बंद पडून वीस वर्षे झाली होती. आता त्याचे संग्रहालय झाले होते आणि करवतीच्या दातांसारखे त्याचे काचेचे छप्पर गंजून पापुद्र्यापापुद्र्याने खाली येऊ लागले होते. छपरासाठी मदत उभी करावी म्हणून विश्वस्तांनी फळांच्या वाइन चाखण्याचा समारंभ योजला होता. सहा प्रकारच्या वाइन होत्या, एक नामांकित चवपारखी होते, आणि दोरखंडापलीकडे, नुसती पुसून ठेवलेली, या कारखान्यातून बाहेर पडलेली सर्वांत जुनी मोटार होती. तिला सगळे ‘पहिली’ म्हणत. तिच्या डाव्या दारावर संस्थापकांच्या पत्नीने स्वतःच्या हाताने रंगवलेला पिवळाधमक हळद्या पक्षी होता. तोच पुढे कारखान्याचे चिन्ह झाला.

विश्वस्तांच्या अध्यक्षा, संस्थापकांच्या थोरल्या नातवाच्या पत्नी, यांना सारे वहिनीसाहेब म्हणत. त्यांनी ग्लास उंचावला, चार शब्द बोलल्या, ग्लास एका दमात रिकामा केला आणि म्हणाल्या, “वा! फळाचा नुसता दरवळ आहे!”

त्यानंतर त्यांना समोरचे साठ चेहरे दिसले.

चवपारखी गृहस्थांनी तोंडातला घोट पिकदाणीत टाकला. दुसरी वाइन घेतली, तीही टाकली. सहाही झाल्यावर त्यांनी रुमालाने ओठ टिपले. “बाई, या सहाही वाइनना एकच चव आहे आणि ती फळाची नाही. माझ्या तिसेक वर्षांत हा मान मला पहिल्यांदाच मिळतोय.”

काही जण हसले. वाइन बनवणारी बाई टेबलामागे ताठ उभी होती. तिचे वय चाळिशीपलीकडचे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि हात कामाचे. ती म्हणाली, “बाटली उघडताना प्रत्येक मी स्वतः चाखलीय. वाइन चांगली होती.”

“मग बाटलीपासून ग्लासापर्यंत काय जादू झाली?” वहिनीसाहेबांचा आवाज आता दरवळत नव्हता. “नासकी वाइन आणलीस तू. आमच्या घराण्याच्या समारंभात!”

“मी आधीच म्हणालो होतो,” त्यांचे धाकटे दीर म्हणाले. त्यांच्यापुढचा ग्लास काठोकाठ भरलेला, अगदी शिवलेलाही नव्हता. “हातोड्याच्या घरात प्याले नाचवू नका.”

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्या रंगाऱ्याने एक घोट घेतला आणि तो स्वतःशीच खुदकन हसला. “वार्निश,” तो म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

“चार वाजता समारोप आहे,” वहिनीसाहेब म्हणाल्या. “तेव्हा याच व्यासपीठावरून मी जाहीर करीन, की ही बाई पुन्हा कुठल्याही समारंभात माल देणार नाही. इथे सहा हॉटेलांचे मालक बसलेत, त्यांनीही ऐकावं.”

चवपारखी गृहस्थांनी वही काढली. त्यांचे सदर रविवारी छापून येई, आणि त्यांनी ज्याला वाईट म्हटले त्याचा माल सोमवारी दुकानांच्या फळ्यांवरून उतरे. वाइनवालीने अकरा वर्षे घालून लावलेली बाग, तिची पिंपे, तिचे नाव, सारे त्या वहीच्या एका पानावर येऊन ठेपले होते.

तेव्हा मागच्या दारापाशी उभी असलेली शहात्तर वर्षांची एक बाई पुढे आली. ती कारखान्याची शेवटची तपासनीस होती. एकतीस वर्षांत तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही मोटार फाटकाबाहेर पडली नव्हती. दोष दिसला की ती तिथे खडूने फुली मारी, आणि अशा फुलीपायी माणसांनी रजा काढल्या होत्या, शिव्या घातल्या होत्या, एकाने तर नोकरी सोडली होती. तोंडावर तिला सगळे बाई म्हणत आणि पाठीमागे खडूबाई. हे तिला ठाऊक होते, आणि त्याचे तिला वाईट वाटत नसे.

“चार वाजेपर्यंत कोणी काही जाहीर करायचं नाही,” ती म्हणाली. “दोष कुठे आहे ते आधी बघू.”

वाइनवालीने मान वळवली. अकरा वर्षांत ती या बाईशी थेट एक शब्द बोलली नव्हती.

“आई,” ती म्हणाली, “तू मध्ये पडू नकोस.”

२

मायलेकींचे वैर जुने होते. लेक कारखान्याच्या आरेखन विभागात होती. कारखाना बुडाल्यावर नऊ वर्षे तिने किरकोळ कामे केली, मग दुसऱ्या कारखान्याने तिला बोलावले होते. ती गेली नाही. तिने फळबाग घेतली. “दारू गाळायला शिकवलं नव्हतं मी तुला,” असे आई तेव्हा म्हणाली होती, आणि तेव्हापासूनचा सारा व्यवहार शेजारणींमार्फत चाले.

हॉलमागच्या अंगणात पिंपांच्या आडोशाला लेकीने नवी बाटली खाली आपटल्यासारखी ठेवली.

“बघ. उघड तू. माझ्यावर विश्वास नाही ना? तूच उघड.”

“विश्वासाचा प्रश्न नाही. मी तपासते आहे.”

“तेच ते. जन्मभर तेच.”

खडूबाईने बाटली उघडली. हॉलमधून आणलेल्या एका ग्लासात थोडी ओतली आणि थोडी आपल्या चहाच्या थर्मासच्या झाकणात. झाकण सकाळीच घासलेले होते. तिने आधी ग्लासातला घोट घेतला आणि जमिनीवर टाकला. मग झाकणातला घेतला. तो मात्र तिला टाकवेना. तो नासपतीचा होता आणि त्यात उन्हात तापलेल्या फळाची गोडी होती. अकरा वर्षांत तिने लेकीच्या हातची वाइन चाखली नव्हती.

तिने घोट गिळला आणि चेहऱ्यावर काही येऊ दिले नाही.

“वाइनमध्ये दोष नाही,” ती म्हणाली.

“उपकार झाले.”

“ग्लासात आहे.”

लेकीने ग्लास हिसकावून घेतला, ओतून टाकला आणि रिकामा नाकाशी धरला. तिच्या कपाळावर आठी चढली. “जवसाचं तेल. वार्निश! हे भाड्याचे ग्लास मी काल दुपारी धुऊन उभे, पेटाऱ्यात ठेवून गेले होते. तोंडं वर करून. वर स्वच्छ कापड टाकून.”

“हं.”

“मी बाटल्या आणायला गेले आणि रात्री उशिरा परतले. सगळी सकाळ तळघरात होते. ग्लास मांडले तुमच्या त्या निवृत्त कामगार मंडळींनी. रात्री ते पेटाऱ्यातच होते की नाही?”

खडूबाईने थर्मासचे झाकण फिरवून घट्ट बसवले.

“विचारतेय मी, आई. रात्री माझे ग्लास कुठे होते?”

या प्रश्नाचे उत्तर साऱ्या कारखान्यात खडूबाईइतके नेमके कोणालाच माहीत नव्हते.

३

रंगखात्याच्या टोकाला वाळवणीची खोली होती. खिडकी नसलेली, जाड भिंतींची ही खोली आतल्या शेगडीने उबदार राही. रंगवलेले भाग वाळेपर्यंत त्यांच्यावर धुळीचा कण बसू नये म्हणून ती बांधलेली. मोटार कारखान्यातल्या माणसाचा जन्माचा शत्रू म्हणजे धूळ. वास नव्हे. वार्निशचा वास म्हणजे तर कामावर आल्याची खूण.

काल संध्याकाळी छपराचा गंज पेटाऱ्यांवर झडत होता. कापडावर तांबडी भुकटी पाहून खडूबाईचे पित्त खवळले होते. तिने निवृत्त मंडळींना कामाला लावले आणि अडीचशे ग्लास या खोलीतल्या लाकडी फळ्यांवर मांडून घेतले. आत कण जाऊ नये म्हणून उपडे. ओलसर होते, पण शेगडीच्या उबेने सकाळपर्यंत वाळतील, हाही हिशेब तिचाच. लेकीला विचारण्याचा प्रश्न नव्हता. लेकीशी बोलणेच नव्हते. आज सकाळी एक ग्लास उजेडाकडे धरून तिने त्यात एकही डाग नाही हे पाहिले होते, आणि तिला समाधान वाटले होते. नाकाशी तो तिने धरला नव्हता.

आता तिने खोलीचे दार उघडले. शेगडी अजून कोमट होती. आतला दर्प डोळ्यांत गेला.

पण खोली वीस वर्षे रिकामी होती. इतका ताजा दर्प जुन्या फळ्यांना येत नाही.

ती गुडघ्यावर बसली. जमिनीवरच्या धुळीत, सामान आडवे ठेवायच्या दोन लाकडी घोडक्यांच्या पायांचे आठ ठसे होते, आणि त्यांच्यामध्ये मधाच्या रंगाचा एक थेंब. तिने नख टेकवले. नख चिकटले. कोणीतरी काल रात्री इथे काहीतरी वार्निश करून वाळत ठेवले होते. घोडक्यांमधले अंतर तिने वितीने मोजले. मोटारीचे एक दार बरोबर मावेल एवढे होते.

ती तडक हॉलमध्ये आली आणि दोरखंड ओलांडून पहिलीपाशी गेली. पाहुणे कुजबुजत पाहत राहिले. दारावरचा हळद्या चोच उघडून बसला होता. पिवळा रंग अचूक, पंखाचा काळा बाक अचूक, डोळ्यातला लाल ठिपकाही जिथल्या तिथे. तिने पक्ष्याच्या शेपटीखाली अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याची रेघन्‌रेघ तिथे उमटली.

या कारखान्यात प्रत्येक सांगाड्याची दारे त्याच्याच मापाने हाताने घासून बसवत. दुसऱ्याची तितकी चपखल बसत नसत, म्हणून प्रत्येक दाराच्या बिजागरीकडच्या कडेवर सांगाड्याचा क्रमांक ठोकलेला असे. दार मिटले की तो दिसत नसे, आणि बाहेरच्या माणसाला तिथे बघायचे सुचतही नसे.

खडूबाईने दार उघडले आणि चष्मा सावरला. तिथे एक हा आकडा असायला हवा होता.

होता सदतीस.

४

खोलीला दोन किल्ल्या होत्या. एक रंगाऱ्याकडे राही, दुसरी कचेरीच्या भिंतीवर, जिथून ती वहिनीसाहेब किंवा त्यांचे दीर कधीही उचलू शकत. म्हणजे माणसे तीन.

वहिनीसाहेबांचे दीर, धाकटे साहेब, फाटकापाशी हातमोजे चढवत होते.

“ग्लासाला हात का लावला नाहीत?” खडूबाईने विचारले.

“चौकशी का? करा, करा. तुम्हाला दुसरं येतं काय! चार वाजता पहिली चालवत बाहेर काढायचीय मला. घोट घेऊन चाक धरायचं, हे आजोबांनी शिकवलं नाही.”

“बाहेर म्हणजे कुठे?”

“जिथे तिची कदर आहे तिथे. गिऱ्हाईक आत बसलंय, निळ्या कोटातलं. विश्वस्तांतले तिघं माझ्या बाजूला आहेत. समारोपाला जाहीर करणार.” ते हसले. “काल संध्याकाळी वहिनींच्या कानावर घातलं. सापानं फणा काढावा तशा उठल्या. पण करतात काय?”

“गिऱ्हाईक गाडी तपासणार?”

“भिंग घेऊन आलंय! एक खिळा जरी नवा निघाला तरी उठून जाईल. पण पहिलीत नवं काही निघायचं नाही, बाई. तुम्हाला तरी ते ठाऊक असायला हवं.”

खडूबाईने त्यांच्याकडे नीट पाहिले. बोलताना त्यांचा डोळा लवला नव्हता. आणि ज्याला आज दुपारी गाडी भिंगाखाली द्यायची आहे, तो काल रात्री तिचे दार बदलून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणार नाही. दोन माणसे उरली.

रंगारी अजून स्टुलावरच होता. त्याच्या एका दारावर तिने पूर्वी लागोपाठ तीनदा फुली मारली होती. त्याला पंचवीस वर्षे झाली होती आणि तो विसरला नव्हता.

“या,” तो म्हणाला. “चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला आलात ना?”

“दारावरचा पक्षी तुमच्या हातचा आहे.”

“मग? माझ्याच हातचा. चार महिन्यांपूर्वी केला. दर्शनी दालनात टांगायला नक्कल हवी अशी विश्वस्तांची चिठ्ठी आली. भंगारातलं एक दार दिलं. वार्निश नको, नुसता रंग द्या म्हणाले. दिला.”

“सही कुणाची होती?”

“शिक्का बघितला. तुमच्यासारखं कागदाला नाक लावून बसायची मला सवय नाही.”

“तो आता पहिलीवर बसलाय. वार्निश होऊन.”

रंगाऱ्याचे हसू मावळले. तो उठला, गुडघे कुरकुरत गाडीपर्यंत गेला आणि दारावर तिरपा उजेड घेऊन वाकला. त्याचा आवाज रागाने चढला.

“ही घाण माझी म्हणता? हे बघा, पंखावर धूळ. हा इथे केस अडकलाय. जमीन पाण्यानं भिजवल्याशिवाय मी कधी ब्रश उचलला होता? तीनदा फुली मारलीत तेव्हा तरी तुम्हाला धूळ सापडली होती का?”

तिला धूळ सापडली नव्हती. आणि वाळवणीच्या खोलीतली जमीन कोरडी ठणठणीत, घोडक्यांचे ठसे उमटण्याइतकी धुळीची होती. कसबी हात मालकाशी बेइमान होईल एकवेळ, पण ब्रशाशी होणार नाही.

“नाही,” ती म्हणाली. “धूळ नव्हती.”

या कबुलीने रंगारी जरासा गोंधळला. मग स्टुलाकडे परतताना म्हणाला, “आणि अजून एक ऐका. घोट घेताक्षणी मी वार्निश म्हणालो की नाही? रात्री त्या कोंडीत मी असतो तर मला ते कळलंच नसतं. बंद खोलीत वार्निश मारलं की दुसऱ्या दिवशी दुपार टळेपर्यंत नाक मेलेलं असतं. माझी बायको म्हणायची, तुम्हाला भाजी काय आणि भुसा काय.”

खडूबाई जागच्या जागी थांबली.

साठ माणसांनी तोंड वाकडे केले होते. रंगाऱ्याने वास ओळखला होता. धाकट्या साहेबांनी ग्लास शिवला नव्हता. आणि एकाच माणसाने ग्लास तळापर्यंत रिकामा करून फळाच्या दरवळाची तारीफ केली होती.

५

वरच्या कचेरीत खडूबाई आली ती चवपारखी गृहस्थांना बरोबर घेऊन. तिने टेबलावर दोन स्टीलच्या वाट्या ठेवल्या. दोन्हींत नासपतीची वाइन होती.

“वहिनीसाहेब, यातली चांगली कोणती आणि खराब कोणती, तेवढं सांगा. मग मी माझ्या लेकीला घेऊन निघते.”

वहिनीसाहेबांनी क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिले. मग डावी वाटी उचलली, हुंगली, घोट घेतला आणि खाली ठेवली. उजवीचा घोट घेतला. “ही डावी खराब,” त्या ठामपणे म्हणाल्या. “शिसारी येते. उजवी त्यातल्या त्यात बरी. झालं समाधान?”

चवपारखी गृहस्थांनी उजवी वाटी नाकाशी नेली आणि झटक्याने दूर केली. डावीचेही तेच केले. “बाई,” ते हळूच म्हणाले, “दोन्हींना वार्निशचा भपकारा येतोय. आंधळ्यालासुद्धा कळेल.”

“दोन्ही दुपारच्या ग्लासांतूनच ओतल्यात,” खडूबाई म्हणाली. “एक चांगली आहे असं मी म्हटलंच नव्हतं.” मग गृहस्थांकडे वळून म्हणाली, “आपण खाली बसा. चार वाजता मी व्यासपीठावरून काय ते सांगते. तोवर वही मिटलेली असू द्या.”

ते गेले. दार लागले. वहिनीसाहेब खुर्चीत मागे टेकल्या.

“फार हुशार आहात. पहिल्यापासूनच.”

“रात्रभर वार्निशात होता तुम्ही. सकाळी दार चढवलंत. खरं दार कुठे आहे?”

“माझ्या निजायच्या खोलीत. चादरीखाली.” आवाजात पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. “तो पक्षी काढला तेव्हा आजेसासूबाई सव्वीस वर्षांच्या होत्या. शेवटच्या आजारात त्यांचा हात माझ्या हातात होता. आणि तो दीडशहाणा पक्ष्यासकट गाडी परक्याच्या गोदामात घालणार! नक्कल दालनासाठी केली होती, खरंच दालनासाठी. पण काल त्यानं ती बातमी सांगितली आणि मी ठरवलं. गाडी ने बाबा. पक्षी मिळणार नाही.”

“चोरी आहे ती.”

“असेल.”

“चोरी मला एकवेळ समजते. पण वास कशाचा ते कळल्यावरही माझ्या पोरीच्या वाइनला साठ माणसांत नासकी म्हणालात, ते समजत नाही.”

“वास मला आलाच नाही, तर कशाचा ते कुठून कळणार? सगळ्यांचे चेहरे बघितले, तेव्हा उमगलं. दोष तिच्यावर गेला नसता तर लोक खोलीपर्यंत पोचले असते.” त्या पुढे झुकल्या. “आता माझं ऐका. मी खाली येते आणि सांगते, की भाड्याचे ग्लास वाईट निघाले. तुमची लेक सुटली. दाराचं तुम्ही बोलू नका. गिऱ्हाईक भिंग लावेल, नक्कल पकडेल आणि उठून जाईल. गाडीही वाचेल. कुणाचं काय बिघडलं?”

“ग्लासवाल्याचं.”

“त्याला इथे ओळखतं कोण? आणि नाही ऐकलंत तर मलाही तोंड आहे.” वहिनीसाहेबांच्या ओठांच्या कडा वर गेल्या. “रात्री मी खोली उघडली तेव्हा अडीचशे ग्लास फळ्यांवर उपडे होते. कुणाच्या हुकमानं, ते मी संध्याकाळी वरून पाहिलंय. वार्निश माझं, पण ग्लास तिथे नेले कुणी? लेकीच्या तोंडात माती घातली ती आईनंच, हे खडूबाईंच्या बाबतीत लोकांना फार गोड वाटेल. एकतीस वर्षं वाट बघतायत बिचारे.”

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

खडूबाई उठली. दारापाशी जाऊन ती थांबली, पण वळली नाही.

६

व्यासपीठावर ती चढली तेव्हा मागच्या रांगेतली निवृत्त मंडळी सवयीने सरसावून बसली. लेक टेबलामागे बाटल्या पेटाऱ्यात भरत होती. तिने वर पाहिले नाही.

“वाइन निर्दोष आहे,” खडूबाई म्हणाली. “दोष ग्लासांत आहे. ज्या खोलीत ते रात्री ठेवले होते, तिथे वहिनीसाहेबांनी एका दाराला वार्निश केलं. ते दार पहिलीचं नाही, सदतीस क्रमांकाच्या सांगाड्याचं आहे. पहिलीचं खरं दार वहिनीसाहेबांच्या घरी सुखरूप आहे. ते तिथे का गेलं, आणि पहिली आज कुठे निघाली होती, हे त्यांनी आणि त्यांच्या दिरांनी इथेच, तुमच्यासमोर सांगावं.”

हॉलमध्ये खळबळ उडाली. निळा कोट ताडकन उठला. धाकटे साहेब “खोटं आहे!” म्हणून ओरडले, मग गाडीच्या दाराकडे धावले, कड पाहिली आणि मटकन पायरीवर बसले. एक विश्वस्त दुसऱ्याला विचारू लागला, की गाडी विकायचा ठराव झाला तरी कधी. वहिनीसाहेब जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडले.

पण खडूबाईने हात वर केला, आणि एकतीस वर्षांच्या दराऱ्याने सारे पुन्हा गप्प झाले.

“माझं संपलेलं नाही. माझ्या लेकीनं ग्लास धुऊन उभे, झाकून ठेवले होते. जसे ठेवायचे तसे. ते मी उचलले. बंद खोलीत, वार्निश मुरलेल्या फळ्यांवर उपडे घातले. तिला विचारलं नाही. मला धुळीतलं कळतं, वाइनमधलं कळत नाही, आणि कळत नाही हेही मला कळत नव्हतं. वार्निश दुसऱ्याचं असलं तरी ग्लास माझ्या हुकमानं गेले. तो दोष माझा आहे.”

कोणी हसले नाही. वहिनीसाहेबांचे उघडलेले तोंड तसेच मिटले. रंगारी मान खाली घालून आपल्या नखांकडे पाहत होता.

चवपारखी गृहस्थ उठले आणि टेबलाशी आले. “बाई, माझी गाडी थांबवतो मी. चाखायला काहीतरी द्या. वाटी चालेल, चहाचा कप चालेल. हे सदर असं अर्धवट मी लिहू शकत नाही.”

लेकीने उपाहारगृहातून चहाचे कप मागवले, प्रत्येक हुंगला आणि ओतू लागली. हॉटेलवाले एकेक करून रांगेत आले. गृहस्थांनी पहिला घोट घेतला. मग ते बराच वेळ लिहीत राहिले. एका हॉटेलवाल्याने वाकून वहीत डोकावायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी ती हाताने झाकली आणि रिकामा कप लेकीपुढे धरला.

पलीकडे दीर-भावजयींची जुंपली होती. “घरचा चोर!” “आणि तू? विकणारा!” विश्वस्त दोन तट पाडून ओरडत होते. पहिलीचे काय करायचे ते त्यांनी भांडून ठरवायचे होते, आणि भांडण्याइतका दम त्यांच्यात दिसत होता.

खडूबाई त्या गदारोळातून बाहेर पडली. अंगणातल्या नळाशी तिने पदर खोचला आणि अडीचशे ग्लासांतला पहिला धुवायला घेतला. सहावा धुतला तेव्हा लेक येऊन उभी राहिली.

“तुला कुणी विचारलं नव्हतं,” लेक म्हणाली. “ग्लासांचं.”

“माहीत आहे.”

“न सांगता भागलं असतं.”

“तुझं भागलं असतं.” खडूबाईने सातवा ग्लास उचलला. “माझं नाही.”

लेकीने आईच्या हातातला ग्लास पाहिला. तो साबणाने माखलेला होता.

“इतका साबण नको. वास राहतो. गरम पाणी हवं, नुसतं.”

एरवी कारखान्यात अशी सूचना करणाऱ्याला खडूबाईने दोन वाक्यांत गार केले असते. ती थांबली. तिने ग्लास लेकीच्या हातात दिला आणि ओले हात पदराला पुसले.

“बरं,” ती म्हणाली. “कसा धुवायचा ते दाखव.”